तिसऱ्या ओळीतलं गाव

पुणे,
८ ऑक्टोबर २००१

प्रिय बाळकृष्णकाका,

नमस्कार. जूनमध्ये तुम्ही निवृत्त झालात आणि तेव्हापासून तिण्णैवर बसून पोस्टमनपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना काही ना काही शिकवत असता, असं शेजारून सगळं पाहणारे आमचे आप्पा फोनवर म्हणाले. (पुण्यात राहून तिण्णैला ओटा म्हणायची सवय लागली आहे, पण तुम्हाला लिहिताना तो शब्द हातातून उतरत नाही.) थोडक्यात, तुम्हाला वर्ग हवा आहे आणि मला मास्तर हवा आहे.

दिवसा मी कंपनीत काम करते ते तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी मात्र एक बिनपगारी उद्योग मागे लावून घेतला आहे. ‘ग्रॅनरी’ नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. माहिती तक्त्यांमध्ये नीट ठेवायची आणि हवी तेव्हा बाहेर काढायची, हे त्याचं काम. जगभरची माणसं मिळून ते लिहितात. ते कुणीही फुकट घ्यावं, उघडून पाहावं, सुधारावं. मार्चमध्ये त्याची नवी आवृत्ती निघते आहे आणि या वेळी पहिल्यांदाच पुस्तिका आपल्या भाषांतही द्यायची आहे. तमिळचं काम कोइमतूरच्या मंडळींनी घेतलं. मराठीचं माझ्या गळ्यात पडलं.

पुण्यातल्या चौघांनी मदतीचा शब्द दिला होता. दोघांची लग्नं झाली, एक अमेरिकेला गेला, आणि चौथा दर सोमवारी म्हणतो, येत्या रविवारी बघतो. अकरा प्रकरणं आहेत. १५ फेब्रुवारीच्या आत सगळी तपासून द्यायची आहेत. त्या दिवशी जी भाषा पूर्ण नसेल ती आवृत्तीतून गळते आणि वर्षभर थांबते.

तंजावुरात आपल्या गल्लीतली निम्मी मुलं घरची मराठी तमिळ अक्षरांत लिहीत होती, तेव्हा तुम्ही मला देवनागरी गिरवायला लावलीत. त्याची फळं आता भोगा. इंग्रजी प्रकरणं सोबत पाठवते आहे. काकूंना नमस्कार.

तुमची,
विनुता

*

तंजावूर,
१९ ऑक्टोबर २००१

चि. विनुता,

आशीर्वाद. तुझं जाडजूड पाकीट पावलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं आधी वाटलं. मग ‘ग्रॅनरी’ म्हणजे कोठार हे लक्षात आलं. भाताच्या मुलखात राहणाऱ्या माणसानं कोठाराच्या कामाला नाही कसं म्हणावं?

करतो. पण माझी एक अट आहे. जी गोष्ट मी स्वतः करून पाहिली नाही, ती मी लिहिणार नाही. पस्तीस वर्षं संस्कृत शिकवलं, पण स्वतःला पाठ नसलेला श्लोक एकदाही वर्गात म्हणून घेतला नाही. तुझ्या पुस्तकात ‘हे बटण दाबा, असं दिसेल’ असं लिहिलं असेल, तर मी आधी दाबणार आणि तसं दिसलं तरच लिहिणार.

यंत्राची सोय झाली आहे. दक्षिण वीथीतल्या कामाक्षीचं टायपरायटिंग इन्स्टिट्यूट आठवतं ना? आता तिथे टाइपरायटर माळ्यावर गेले आणि सहा कॉम्प्युटर आले. ती माझी विद्यार्थिनी. सकाळी नऊ ते अकरा एक खुर्ची माझी. तिनं तुझं ग्रॅनरी घालूनही दिलं. मी कागदावर लिहून पाठवीन, टाइप तू कर.

तुझी काकू म्हणते, “अस्कं आयुष्य पोरांच्या वह्या तपासल्या, आतां यंत्राची तपासा.” पण सकाळचा डबा तिनं न मागता दिला. म्हणजे तिचीही संमती आहे.

शुभचिंतक,
बाळकृष्ण

*

पुणे,
२१ नोव्हेंबर २००१

प्रिय काका,

पहिली तीन प्रकरणं मिळाली. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, मी तर अख्खं पातेलं चाखलं. इतकं सरळ लिहिलेलं मी इंग्रजीतही वाचलं नव्हतं. शिवाय दुसऱ्या प्रकरणात मूळ पुस्तिकेतच एक पायरी सुटली आहे, हे तुम्ही दाखवून दिलंत. मी मुख्य मंडळींना कळवलं. त्यांनी चूक कबूल केली आणि हे शोधणारा कोण म्हणून विचारलं. मी लिहिलं, तंजावूरचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक. त्यावर पाच दिवस कुणाचं उत्तर नाही.

कार्डावर तुम्ही विचारलंत, की तक्त्यातल्या एखाद्या रकान्यात काहीच लिहिलं नाही तर यंत्र त्याला काय समजतं. फार चांगला प्रश्न आहे. ते शून्य समजत नाही आणि रिकामंही समजत नाही. ते ‘ठाऊक नाही’ असं समजतं. आणि गंमत अशी, की अशा दोन जागा सारख्या आहेत का असं विचारलं, तर यंत्र होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. जे ठाऊकच नाही त्याच्याबद्दल ते बोलत नाही. भल्या भल्या इंजिनियरांना हे पचत नाही, तेव्हा तुम्हीही घाई करू नका.

पाचव्या प्रकरणात पाच माणसांचा एक तक्ता आहे. सगळी उदाहरणं त्याच्यावरच चालतात. मूळ नावं परदेशी आहेत. त्यांच्या जागी आपल्याकडची घाला, तशी मुभा आहे. फक्त आज्ञा आणि तिचं उत्तर यांचा मेळ बसला पाहिजे.

विनुता

*

तंजावूर,
१२ डिसेंबर २००१

चि. विनुता,

आशीर्वाद. चौथं आणि पाचवं प्रकरण सोबत आहे. इकडे पाऊस भरपूर झाला, कालवे तुडुंब आहेत, आणि कामाक्षीकडे दिवसातून दोनदा वीज जाते. त्यामुळे पाचव्याला वेळ लागला.

‘ठाऊक नाही’ ही गोष्ट मला लगेच समजली. तुझ्या इंजिनियरांना का पचत नाही कोण जाणे.

तक्त्यात घरचीच माणसं घेतली, तुझ्या काकूपासून आमच्या मुलीपर्यंत, आणि तूही घरचीच. खोटी नावं शोधायला बसलो की मला वर्गातल्या हजेरीपटाची आठवण येते. तक्ता असा:

१. बाळकृष्णराव, १-६-१९४३, तंजावूर
२. वेंकूबाई, २०-२-१९४९, तंजावूर
३. वरुणराव, १-६-१९४२,
४. लक्ष्मीप्रिया, ४-११-१९७२, चेन्नई
५. विनुता, ९-८-१९७३, पुणे

तुझी तारीख तुझ्या आप्पांना विचारून घेतली आहे. पुस्तकात वय उघडं पडलं म्हणून माझ्यावर रागावू नकोस.

बाळकृष्ण

*

पुणे,
२ जानेवारी २००२

प्रिय काका,

वय उघडं पडल्याचा राग नाही. पण पाचव्या प्रकरणानं मला वर्षाच्या पहिल्याच दिवशी रडवलं.

मूळ पुस्तिकेत एक उदाहरण आहे: ज्यांचं गाव ठाऊक नाही, त्यांची ओळ तक्त्यातून पुसा. त्यानंतर पाचाच्या चार ओळी होतात आणि पुढची सगळी उत्तरं चार ओळींवर बेतलेली आहेत. तुमच्या मराठीत ते उदाहरणच नाही. बरं, चुकून राहिलं म्हणावं तर पुढची सगळी उत्तरं तुम्ही पाच ओळींची करून ठेवली आहेत. म्हणजे हे जाणूनबुजून आहे. पुसायची आज्ञा शिकवली नाही तर हे प्रकरण अपुरं आहे. ते असं पुढे जाणार नाही.

आणखी एक. वयानुसार लावलेल्या यादीत वरुणराव सगळ्यांत वर, तुमच्याही आधी येतात. लहानपणी कानावर आलं होतं, की तुम्हाला एक धाकटे भाऊ होते आणि त्यांचं नाव घरात काढायचं नाही. धाकटे ना? मग तुमच्या आधी जन्मले कसे?

सोपा उपाय सांगते. ही नावं काढा आणि दुसरी कुठलीही पाच घाला. तक्ता शिकवण्यापुरता आहे, कुणाच्या घरचा नाही.

विनुता

*

तंजावूर,
१४ जानेवारी २००२, पोंगल

चि. विनुता,

आशीर्वाद. सणाचा दिवस आहे. काकूनं उडदाच्या पिठाची डांगर पचडी केली आहे आणि तुझी आठवण काढते आहे.

नाव घालून मग ते पुसा, असं मी लिहिणार नाही. आपल्याकडे दिवा विझवतानाही ‘विझव’ म्हणत नाहीत, आणि तू म्हणतेस, माणसाचं नाव पुसा. तेही का, तर त्याचं गाव ठाऊक नाही म्हणून! ज्याचा पत्ता लागत नाही त्याला पुसून टाकायचं, हे कुठल्या देशातलं शहाणपण? उलट त्याचीच ओळ जास्त जपायला हवी. मी कामाक्षीकडे ती आज्ञा टाइप केली होती. शेवटची कळ दाबायची तेवढी राहिली. दाबली नाही. आणि जे स्वतः केलं नाही ते मी लिहीत नाही, ही अट तू मान्य केली होतीस.

तारखांचं म्हणशील, तर शाळेच्या दाखल्यावर आहेत तशा लिहिल्या आहेत.

नावं बदलणार नाही. सहावं आणि सातवं प्रकरण सोबत आहे.

बाळकृष्ण

*

पुणे,
२२ जानेवारी २००२

काका,

पंधरा फेब्रुवारीला चोवीस दिवस उरले आहेत. एक प्रकरण जरी अडलं तरी अख्खी मराठी पुस्तिका आवृत्तीतून जाईल. तुमचे चार महिने आणि माझ्या सगळ्या संध्याकाळी पाण्यात. मुख्य मंडळींना मी काय सांगू? की आमच्याकडे तक्त्यातली ओळ पुसणं अशुभ असतं?

मला राग आला आहे आणि तो लपवत नाही. तुम्ही दहावीतल्या मुलाला द्यावं तसं उत्तर मला दिलंत. ‘दाखल्यावर आहे तसं.’ मी काल आप्पांना फोन करून सरळ विचारलं, वरुणकाकांचं काय झालं? आप्पा म्हणाले, बाळकृष्णाला विचार, मी नाही सांगायचा. आणि फोन ठेवला.

तेव्हा तुम्हालाच विचारते. एक तर मला खरं काय ते सांगा, नाहीतर दुसरी पाच नावं घाला. दोन्ही नाही असं चालणार नाही.

विनुता

*

तंजावूर,
३० जानेवारी २००२

चि. विनुता,

तुझा राग बरोबर आहे. खरं सांगतो.

१९४८ च्या जूनमध्ये बाबांनी आम्हा दोघांना एकाच दिवशी शाळेत नेलं. मी सहा पुरा झालेला, पण आदल्या वर्षीच्या मुदतीच्या तापानं खंगलेला. वरुण पाचाला टेकलेला आणि अंगानं माझ्यापेक्षा दांडगा. खरं तर त्याला न्यायचंच नव्हतं. पण मी निघालो तसं त्यानं भोकाड पसरलं, म्हणून त्यालाही घेतलं. हेडमास्तरांनी वयं विचारली. बाबा म्हणाले, एक सहा, एक पाच. हेडमास्तरांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि उंच होता त्याच्यापुढे सहा लिहिलं, बुटका होता त्याच्यापुढे पाच. जन्मतारीख दोघांचीही एक जून. त्या काळी सगळ्याच मुलांची एक जून असायची. घरी आल्यावर बाबांना चूक कळली. ते हसले आणि म्हणाले, थोरल्याची नोकरी वर्षभर लांबेल, बरंच झालं.

असा कागदावर माझा धाकटा भाऊ माझा थोरला झाला. कित्येक वर्षं ती आमची घरातली थट्टा होती. मी त्याला ‘अण्णा’ म्हणून चिडवायचो.

१९७२ साली सरकारी शाळेत शास्त्राच्या शिक्षकाची जागा निघाली. वरुण हुशार, माझ्याहून कितीतरी हुशार. पण एक जुलैला वय तिशीच्या आत हवं होतं, आणि कागदावर त्याला एक महिन्यापूर्वीच तीस पुरी झाली होती. खरा तो एकोणतिसातच होता. बाबा वारले होते, आणि आईचा नुसता शब्द कचेरीत चालला नसता. तारखांची अदलाबदल झाली, असं प्रतिज्ञापत्र देऊ शकणारा एकच माणूस उरला होता. वेंकटराव वकिलांनी मसुदा तयार करून दिला. मला फक्त सही करायची होती.

त्याची एकट्याची तारीख सुधारता येत नव्हती, विनुता. ती ४३ ची केली आणि माझी ४३ चीच ठेवली, तर आम्ही जुळे ठरलो असतो. त्याची बदलायची तर माझीही बदलावी लागणार. म्हणजे मी सहा वर्षं चुकीच्या तारखेवर सरकारी नोकरी केली, हे उघड होणार. चौकशी होईल, नोकरी जाईल, असं मला वाटलं. लक्ष्मीप्रिया पोटात होती. मी घाबरलो. ‘उद्या करतो’ म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. तिसऱ्या दिवशी अर्जाची मुदत संपली.

त्यानं मला एक शब्द सुनावला नाही. सुनावला असता तर बरं झालं असतं. दोन दिवसांनी ट्रंक घेऊन दारात उभा राहिला. आपल्यात काय आणि तमिळात काय, घरातून निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. वरुण म्हणाला, “जातों.” येत्या जुलैला त्याला तीस वर्षं होतील. सुरुवातीला एक मुंबईचा पत्ता होता. तिथे घातलेली कार्डं परत आली. आई गेली तेव्हा वर्तमानपत्रात दिलं, त्यालाही उत्तर नाही. म्हणून तिसऱ्या ओळीत गाव नाही. मला ते ठाऊक नाही.

आता तुझ्या कामाचं. परवा नववं प्रकरण करत होतो. त्यात असा नियम आहे, की काही बदल जोडीनं करायचे असतात. दोन्ही झाले तर कायम होतात, एकच झाला तर तोही मागे घेतला जातो. मूळ पुस्तिकेत एका खात्यातले पैसे दुसऱ्यात घालण्याचं उदाहरण आहे. तो नियम मी तीनदा वाचला आणि खुर्चीत तसाच बसून राहिलो. कामाक्षीनं विचारलं, “काय सार, सिस्टम हँग झाली का?” मी म्हटलं, सिस्टम ठीक आहे, मीच झालो.

खात्यांचं उदाहरण मी काढलं आहे. नवव्या प्रकरणात आता असं आहे:

“व्यवहार सुरू करा. पहिल्या ओळीतली जन्मतारीख १-६-१९४२ करा. तिसऱ्या ओळीतली जन्मतारीख १-६-१९४३ करा. दोन्ही बदलल्या आहेत याची खात्री करून घ्या. कायम करा.

टीप: या दोन तारखांची १९४८ साली शाळेत चुकून अदलाबदल झाली. १९७२ साली त्या दुरुस्त करता आल्या असत्या. पहिल्या ओळीतल्या माणसानं केल्या नाहीत.”

मी हे कामाक्षीच्या यंत्रावर स्वतः करून पाहिलं आहे. चालतं.

आणि पाचव्या प्रकरणातलं पुसणं. एक सहावी ओळ घालून तीत माझंच नाव दुसऱ्यांदा लिहिलं, आणि ‘दोनदा आलेली ओळ पुसा’ म्हणून ती पुसली. स्वतःचं नाव, तेही जास्तीचं. त्याला कुणी अशुभ म्हणणार नाही. सहाच्या पाच ओळी उरतात. आज्ञा शिकवली जाते, उत्तरांचा मेळ बसतो, आणि तिसरी ओळ जागच्या जागी राहते.

बाळकृष्ण

*

पुणे,
६ फेब्रुवारी २००२

प्रिय काका,

तुमचं पत्र ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वाचलं आणि तिथेच रडले. मागच्या पत्रात जे बोलले त्याबद्दल माफ करा.

पाचवं आणि नववं दोन्ही मंजूर झाली. उदाहरण कुठलंही चालेल, आज्ञा आणि उत्तर जुळलं पाहिजे, असं मुख्य मंडळींचं म्हणणं, आणि तुमचं अक्षरन् अक्षर जुळतं. दहावं, अकरावं टाइप होत आलं आहे. आपण वेळेत आहोत.

पण एक विचारल्याशिवाय राहवत नाही. ही पुस्तिका एकदा बाहेर पडली की तिच्या प्रती जगभर जातील. परत बोलावता येणार नाहीत. तुमचं नाव, तुमची खरी तारीख, आणि तुम्ही वर्षभर जास्त नोकरी केलीत हे, सगळं त्यात छापलेलं असेल. कुणी शिक्षण खात्याकडे तक्रार केली तर? पेन्शन अडलं तर? काकूंना विचारलंत का? टीप गाळली तरी प्रकरण पूर्णच राहतं. तुम्ही म्हणालात तर मी ती काढते. १४ तारखेपर्यंत मला एक ओळ कळवा, पत्राला उशीर होईल, कामाक्षीच्या मेलवरून कळवा.

तुमची,
विनुता

*

(कामाक्षी कॉम्प्युटर सेंटर, तंजावूर येथून ईमेल, १३ फेब्रुवारी २००२)

विनुता, काकूला विचारलं. ती म्हणाली, तीस वर्षं मी हेंच सांगतें. टीप राहू दे. कायम कर. बाळकृष्ण

*

पुणे,
२ एप्रिल २००२

प्रिय काका,

नवी आवृत्ती निघाली. सोबत सीडी आहे. कामाक्षीकडे लावून बघा. मराठी पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ‘भाषांतर: बाळकृष्णराव, तंजावूर’ असं आहे. माझं नाव खाली बारीक अक्षरात टाकलं असतं तर तुम्हीच रागावला असतात, म्हणून शेजारीच टाकलं.

कोइमतूरच्या तमिळ मंडळींनी तुमचं नववं प्रकरण वाचलं आणि त्यांच्या पुस्तिकेत पुढच्या वेळी तेच उदाहरण घेऊ का, असं विचारलं. मी म्हटलं, मालकांना विचारते.

वाचकांचं म्हणाल, तर अजून एकाही मराठी माणसाचं पत्र आलेलं नाही. पुस्तिका वाचतंय कोण? पण सगळ्या आवृत्त्यांसाठी एक चूक-नोंद ठेवलेली असते. ज्याला चूक सापडते तो तिथे लिहितो. मी रोज उघडून पाहते.

विनुता

*

तंजावूर,
२० एप्रिल २००२

चि. विनुता,

आशीर्वाद. सीडी पाहिली. कामाक्षीनं पेढे वाटले, तेही माझ्याच खर्चानं.

तमिळ मंडळींना सांग, उदाहरण खुशाल घ्या. नावं मात्र त्यांच्या घरची घाला.

माझ्या जन्मतारखेबद्दल मीच खात्याला रजिस्टर पत्रानं कळवून टाकलं आहे. पुस्तिकेत लिहायचं आणि सरकारला नाही, हे बरं दिसत नाही. सात आठवडे झाले, उत्तर नाही. बहुधा त्यांच्याकडेही तो रकाना ‘ठाऊक नाही’ असाच आहे. काकू म्हणते, आतां पेन्शन थांबलं तरी तुम्ही रात्रीं घोरतांत तेवढं पुरे. इतकी वर्षं मी झोपेत दात खात होतो म्हणे. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

चूक-नोंद रोज बघत जा. बघायला काही लागत नाही.

बाळकृष्ण

*

पुणे,
१२ नोव्हेंबर २००२

प्रिय काका,

बसून वाचा. काकूंनाही बोलवा.

काल चूक-नोंदीत मराठी पुस्तिकेवरची पहिली नोंद आली. क्रमांक २१७. जशी आली तशी उतरवते:

“पुस्तिका: मराठी. प्रकरण: पाच. तक्ता: घरची माणसं.
चूक: तिसऱ्या ओळीत गाव नाही.
हवं ते: जबलपूर.
टीप: मी इथे कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते. मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीत ही पुस्तिका होती. माझी मराठी घरच्यापुरती आहे, म्हणून छापून घेऊन बाबांकडून समजून घेत होते. बाबा इथल्या शाळेत शास्त्र शिकवायचे. पाचव्या प्रकरणातली नावं पाहून त्यांनी चष्मा पुसला आणि पुढची पानं स्वतःच वाचायला घेतली. नवव्या प्रकरणाची पानं दोन दिवस त्यांच्या उशाशी होती. आज त्यांनी मला एवढंच लिहायला सांगितलं, की गाव भरा. तारखा आता बरोबर आहेत, असंही म्हणाले. — गायत्री वरुणराव”

खाली घरचा पत्ता आणि फोन नंबर आहे. तो वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवला आहे.

काका, रकाना भरायला मला एक मिनिट पुरे. चूक सुधारली अशी खूण करायची आणि नोंद बंद करायची, एवढंच काम. पण हात पुढे गेला नाही. तक्ता तुमचा आहे. भरू का?

विनुता

*

तंजावूर,
१८ नोव्हेंबर २००२

चि. विनुता,

आशीर्वाद. पत्र तिण्णैवर वाचलं. पोस्टमन अजून उभाच होता. त्याला वाटलं काही वाईट बातमी आहे. मी त्याला आत बोलावून कॉफी दिली, तरी त्याची समजूत पटेना, कारण काकू रडत होती.

फोन केला नाही. नंबर हातात धरून दोन दिवस घातले. मग कामाक्षीकडून आधी चेन्नईचं आणि पुढे जबलपूरचं तिकीट काढवलं. गुरुवारी निघतो. काकूनं डांगराचं पीठ दळून डब्यात भरलं आहे. म्हणते, “तीस वर्षांनी दिराकडे रिकाम्या हातीं जातांत कां?” मी मसुदाही बरोबर घेतला आहे. वेंकटराव वकिलांचा, १९७२ सालचा. तो मी टाकला नव्हता. काल रात्री जेवण झाल्यावर त्याच्यावर सही केली. आता त्याचा कुणाला काही उपयोग नाही, तरी केली.

तिसरी ओळ अजून भरू नकोस. जे मी स्वतः पाहिलं नाही ते लिहीत नाही, हे तुला ठाऊक आहे. जबलपूरला जाऊन पाहून येतो. तोवर चूक उघडी ठेव.

येतो,
बाळकृष्ण